गाऱ्हाण्याच्या सकाळची गोळी

१० नोव्हेंबर

ताई,

आधी हे सांग, तुमच्याकडे आलेलं पत्र कोण फोडतं? आमच्याकडे सगळं बाबाच फोडतात, फणसापासून लाइटच्या बिलापर्यंत. म्हणून हे पोस्टानं पाठवत नाही. नम्रता आठवते ना, खालच्या वाडीतली, माझ्या वर्गातली? ती आता रत्नागिरीत स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात असते. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळी परत येते. तीच तुला हे भाट्याला आणून देईल, आणि उत्तरही तिच्याच हाती दे. फोन मात्र करू नकोस. घरात मोबाईल एकच, तो बाबांच्या सदऱ्याच्या खिशात. तू गेलीस त्या आठवड्यात माझा मोबाईल त्यांनी काढून घेतला तो घेतलाच. "एक पोरगी मोबाईलवरनं गेली, दुसरी नाय जाऊ द्यायची." जसा काही मोबाईल म्हणजे यष्टीच!

रागावलेय मी तुझ्यावर, ते आत्ताच लिहून टाकते. तू सम्यकभावोजींशी लग्न केलंस त्याचा राग नाही. ते बौद्धवाडीतले म्हणून राग बाबांना, मला नाही. मला राग ह्याचा, की जाताना तू तुझ्या वाटणीचे बाबासुद्धा माझ्याच डोक्यावर ठेवून गेलीस. चार वर्षं मी दोघींचं ऐकून घेतेय. भाट्याचा पूल ओलांडला की तुझं घर. मी दर महिन्याला डॉक्टरांकडे रत्नागिरीला येत होते, आणि बाबा माझा हात धरून मला पुलाच्या उलट्या बाजूला वळवत होते.

आता मुद्द्याचं. माझं लग्न ठरतंय आणि माझ्या गोळ्या बंद होतायत. दोन्हीचं कारण एकच.

दिवाळीत पाहुणे आले होते. मुलगा स्वरूप, पलीकडच्या गावचा, मुंबईला लिफ्टच्या कंपनीत आहे. वाईट नाही गं. घावणे खाल्ले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मीठ कमी आहे." त्याच्या आईनं डोळे वटारले. मला मात्र बरं वाटलं, तोंडावर खरं बोलणारा माणूस आपल्या घरात बऱ्याच दिवसांनी आला होता. होकार आला. आता मार्गशीर्षात दोन्ही घरं देवळात उभी राहणार, दादू गुरव देवीला गाऱ्हाणं घालणार आणि मग सुपारी फुटणार. तुला ठाऊकच आहे, गाऱ्हाण्यात मुलामुलीचं सगळं सांगायचं असतं. घराणं कुठलं, काम काय, तब्येत कशी. गुरवानं सांगायचं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा म्हटलं की ते देवीच्या पदरात पडलं.

आणि बाबा देवीसमोर खोटं बोलत नाहीत. हीच तर पंचाईत! खोटारडा बाप असता तर परवडला असता. थाप मारून तो मोकळा, आतल्या खोलीत गोळी गिळून मी मोकळी. पण बाबांनी फार विचार करून वाट काढलीय. म्हणाले, "गोळ्या आजपासनं बंद. मग मी देवीसमोर सांगेन, माज्या लेकीला औषध नाय. ते खराच असंल."

मी म्हटलं, "औषध थांबवलं म्हणून आजार जातो होय? मग तुमचा चष्मा काढून ठेवा, नजर सुधारेल." कानाखाली बसायची तेवढी राहिली.

त्यांचं म्हणणं, दोन वर्षांत फिट आली नाही म्हणजे मी बरी झाले. "देवीनं बरं केलंन तुला. गोळ्यांची नुसती सवय लागलीय." ताई, तू होतीस ना त्या दिवशी? डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले होते, फिट थांबली तर ती गोळीमुळेच थांबेल. कमी करायची की बंद करायची ते मी ठरवीन, आणि तेही हळूहळू, महिने घेऊन. आपल्या मनानं एकदम थांबवलीस तर पहिल्यापेक्षा मोठी येईल, एकामागून एक येईल, जिवावर बेतेल. लग्न ठरलं की आधी मला येऊन सांग, असंही म्हणाले होते, मुलाबाळांच्या आधी गोळ्या पुन्हा बघाव्या लागतात. इथे लग्नासाठी डॉक्टरांचं नावच टाकलंय.

आईनं गोळ्यांचा डबा ट्रंकेत घातला आणि किल्ली कमरेला लावली. ती माझ्याकडे बघत नाही. माझ्याकडे एक स्ट्रिप उरलीय, ती मी बियाण्याच्या भाताच्या कणगीत खुपसून ठेवलीय. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स ह्या पत्रासोबत आहे. मला गोळ्या पाठव, बाकी काही नको.

एक सांगायचं नव्हतं, पण सांगते. दसऱ्याच्या गाऱ्हाण्यात दादू गुरव "काशीरामाची एक लेक" असंच म्हणाला. तू गेल्यापासून बाबांनी त्याला तसं सांगून ठेवलंय. हे खोटं नाही का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "जी घरात नाय ती लेक नाय." म्हणजे बघ, माझ्या गोळ्यांची आणि तुझी गत एकच.

निशू


२० नोव्हेंबर

ताई,

पोचल्या. चार ओळींचं पत्र आणि पिशवीभर गोळ्या! तू अजून तशीच आहेस. केमिस्टनं दुसऱ्या कंपनीची गोळी पुढे केली, "हे पण तेच" म्हणाला, ती तू घेतली नाहीस, आधी डॉक्टरांना फोन करून विचारलंस आणि चिठ्ठीवरचीच मागवलीस. हे वाचून मला रडू आलं. इतकं कोणी माझ्यासाठी विचारून-पुसून केलंय त्याला किती दिवस झाले. "रागावलीस तर रागाव, पण गोळी चुकवू नकोस," असं तू लिहिलंस. बरं. दोन्ही करते.

इथलं सांगते. आईनं मधला मार्ग काढलाय. तिच्या जिवाला चैन पडेना म्हणून बाबांच्या पाठीमागे ती मला गोळी देते, पण एक दिवसाआड! म्हणे, हळूहळू सुटेल. सोमवार-गुरुवारचा उपवास करतात तसं. मी म्हटलं, "आई, गोळीला वार नसतो गं." तर म्हणते, "गप गीळ, बापूस येईल." गरीब बिचारी. तिला वाटतं ती मला वाचवतेय. तू पाठवलेल्यातली मी रोज वेळेवर घेतेच आहे, मग आईची घेतली तर दुप्पट व्हायची, तेही वाईटच. म्हणून आईची जिभेखाली धरते आणि गोठ्यात जाऊन थुंकते. माझीच गोळी, मीच चोर. तुझी गिळते ती कोंबड्यांना दाणे घालताना, पाठ घराकडे करून.

तुला वाटेल, एवढं करते तर चाललंय की. पण कसं चाललंय ते बघायला ये. न्हाणीला कडी लावायची नाही, ते डॉक्टरांनीच सांगितलंय, कबूल. पण आई दाराबाहेर पाटावर बसून राहते आणि मिनिटामिनिटाला "बाय?" करते. मी "ओ" द्यायचं. बावीवर पाण्याला एकटीनं जायचं नाही. चुलीपाशी बसायचं नाही. कातळावर फिरायला नाही. नम्रताशी बोलायचं तर घरापुढच्या खळ्यातच, आई ऐकेल असं. एवढी काळजी घ्यायला मी आजारी आहे. आणि घराच्या दगडी गडग्याबाहेर पाऊल टाकलं की मी ठणठणीत! घरात आजारी, गावात निरोगी. मी पडवीतच बसून असते, म्हणजे कुठलंच खोटं बोलायला नको.

आणि सगळ्यात वाईट सांगू? बाबा आनंदात आहेत. चार वर्षांत पहिल्यांदा खळ्यात बसून हसतात. माणसांना हाका मारून बोलवतात, चहा पाजतात. परवा रत्नागिरीला जाऊन माझ्यासाठी साडी घेऊन आले, मोरपिशी. स्वतः निवडली. "तुज्या आवशीला काय कळतंय रंगातलं," म्हणाले. मी बारावीत पहिल्यांदा पडले तेव्हा हेच बाबा मला पाठंगुळी घेऊन पाणंदीतून डांबरी रस्त्यापर्यंत धावले होते, आठवतं? चप्पल कुठे गेली ह्याचीसुद्धा शुद्ध नव्हती. त्या माणसाचा राग कसा करायचा ते मला जमत नाही, आणि त्याचं ऐकावं तर जीव जाईल.

भावोजींना सांग, त्यांनी पाठवलेला नारळ मी देवापुढे ठेवला. बाबांनी विचारलं कुठला. म्हटलं, नम्रतानं दिला.

निशू


३० नोव्हेंबर

ताई,

अक्षर बघून घाबरू नकोस. हात अजून जड आहे. फिट आली.

झालं असं, की दादू गुरव त्याचं वर्षाचं भात न्यायला आला. मी गोठ्यात होते. एरवी आई सुपानं काढून देते, पण ह्या खेपेला बाबा खुशीत. म्हणाले, "दादू, तुला आज बियाण्याचा देतंय, चांगला." आणि कोपरापर्यंत हात घातला कणगीत. हातात भाताबरोबर तुझ्या गोळ्या आल्या. गुरवासमोर काही बोलले नाहीत. तो गेल्यावर सगळ्या स्ट्रिपा चुलीत घातल्या. घरभर प्लास्टिकचा वास. "कोणी दिलान तुला?" मी म्हटलं, मीच साठवलेल्या. नम्रताचं नाव घेतलं नाही, तुझंही नाही. मग आईकडून ट्रंकेची किल्लीही घेतली. एक दिवसाआडची होती तीही गेली.

मी सांगत होते. पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी ओरडले, मग हात जोडले. "बाबा, असं एकदम तोडू नका. डॉक्टरांना एक फोन करा. एकच." तर म्हणाले, "डॉक्टर कशाला गोळ्या नको म्हणंल? त्याचा धंदा हाय."

खळ्यात तांदूळ पाखडत होते. करपल्याचा वास आला. तोच वास गं, पूर्वीचा, येण्याआधीचा. मी आईला हाक मारली आणि पुढचं मला ठाऊक नाही.

शुद्ध आली तेव्हा तोंडात रक्त, नाकाशी कांदा, आणि पुढचा दात अर्धा. आईनं दातखीळ सोडवायला चमचा घातला होता. तू असतीस तर ओरडली असतीस तिच्यावर. मी आवाज फुटल्यावर पहिलं तेच केलं. "आई, तोंडात काही घालायचं नसतं! कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी द्यायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांवर गेलं तर गाडी बोलवायची. किती वेळा सांगितलंय तुला?" ती म्हणाली, "तू अशी निळी पडलीस, मला काय सुचतंय?" आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

बाबा माझे पाय धरून बसले होते. रडत होते ते. मी बघितलं. उठले, ट्रंक उघडली, डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. मला वाटलं, सुटले! दात गेला तर गेला, पण सुटले.

नम्रतानं त्याच दिवशी तुला कळवलं आणि तू डॉक्टरांना विचारून निरोप पाठवलास, की आहे तोच डोस वेळेवर सुरू कर, राहिलेल्या सगळ्या एकदम घेऊन भरपाई करू नकोस, पुन्हा आली तर थेट सिव्हिलला आणा, आणि आठवड्याभरात दाखवून जा. त्याप्रमाणे चालू केल्या. पण दाखवायला न्यायला बाबा तयार नाहीत. स्वरूपचे काका रत्नागिरीतच राहतात, दवाखान्याच्या पायरीवर बघतील म्हणे. "गाऱ्हाना झाला की जाऊ."

आणि काल संध्याकाळी जवळ येऊन बसले. खूप मऊ आवाजात म्हणाले, "बाय, मी गोळ्या नाय बंद करीत. घे तू. फक्त गाऱ्हान्याच्या दिवशी नको. त्या सकाळची तेवडी घेऊ नको. म्हंजे मी देवीसमोर सांगेन, आज माजी लेक औषधाशिवाय उभी हाय. तेवडा तरी खरा होऊ दे. एका गोळीनं काय होतंय?"

मी त्यांना माझा दात दाखवला. ते उठून खळ्यात गेले.

निशू


८ डिसेंबर

ताई,

तू लिहिलंस, निघून ये. भावोजी स्टँडवर येऊन थांबतील, काही आणू नकोस, फक्त गोळ्या आण.

मी ते वाचून कागद खालच्या बाजूनं फाडला, मग पुन्हा जोडून वाचला. येईन असं वाटलं. पिशवीसुद्धा बघून ठेवली होती. पण सांगते, रागावू नकोस. तू गेलीस ती आवडत्या माणसाकडे गेलीस. मी निघाले तर गाव म्हणणार, दुसरीपण पळाली, आणि आजारी होती म्हणून पळाली. म्हणजे आयुष्यभर मी लपूनच गोळी घेणार, फक्त जागा बदलून. मला पळायचं नाही. मला दारातून जायचंय, चप्पल घालून, सगळ्यांनी बघताना.

स्वरूपला कळवावं म्हटलं तर त्याचा नंबर बाबांच्या मोबाईलमध्ये. नम्रता म्हणते, ती कुठून तरी काढील. मी नको म्हटलं. तिच्यावर आलं तर तिची नोकरी जाईल, तिचा बाप आमच्या बाबांसारखाच.

बुधवारी गाऱ्हाणं आहे. आदल्या संध्याकाळची गोळी घेईन. सकाळची बाबा समोर बसून चुकवतील. काय करायचं ते मला अजून ठाऊक नाही. झोप नीट लागत नाही, आणि झोप मोडणं हेसुद्धा माझ्यासाठी वाईट. म्हणजे काळजीनं झोप जाते आणि झोप जाते ह्याची पुन्हा काळजी. हसू नकोस.

निशू


१३ डिसेंबर

ताई,

मी बरी आहे. फिट आली नाही. आता बाकीचं बसून वाच.

बुधवारी सकाळी बाबा पडवीतच होते, पांढरा सदरा, टोपी. मी चहा घेतला तेव्हा म्हणाले, "आज नाय घ्यायची. ध्यानात हाय ना?" मी म्हटलं, "ध्यानात आहे." डबा त्यांच्या शेजारी होता. आई मला आत साडी नेसवायला घेऊन गेली. निऱ्या घालता घालता तिनं माझ्या पदराच्या टोकाला गाठ मारली. मी बोटानं चाचपलं तर आत गोळी! मी तिच्याकडे बघितलं. ती निऱ्यांकडेच बघत होती. एवढंच म्हणाली, "देवळातनं भायेर आलीस की घे." माझी आई, जी बाबांसमोर आमटीत मीठ जास्त पडलं तरी कबूल करत नाही!

पण बाहेर यायला कुठे मिळतंय? मुलाकडची माणसं उशिरा आली, गाडी घाटात बंद पडली होती. आम्ही देवळात ताटकळत उभे. गोळीची वेळ कधीच टळून गेली. ऊन सभामंडपात आलं. शेवटी ती आली, पाया पडणं झालं, पान-सुपारी मांडली, आणि दादू गुरव गाभाऱ्यासमोर उभा राहिला.

तेव्हाच मला करपल्याचा वास आला.

मी आधी समईकडे बघितलं. वात नीट होती. आईला हळूच विचारलं, "काही जळतंय का गं?" तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं माझं मनगट धरलं आणि बाबांना म्हणाली, "अवो, तिला वास येतोय." बाबांनी ऐकलं. मला पक्कं ठाऊक आहे त्यांनी ऐकलं, कारण त्यांची मान हलली. पण पुढे बघत म्हणाले, "झालाच आता. पाच मिन्टां."

दादू गुरवानं सुरू केलं. "हे गावच्या आई, आज तुज्या पायाशी दोन घरां उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"काशीरामाची लेक, तुज्या सावलीत वाडलेली..."

"व्हय म्हाराजा!"

"अंगानं निरोगी, निकोप, कसलाच औषधपानी नसलेली..."

आणि मी म्हटलं, "नाय म्हाराजा."

ताई, मोठ्यानं नाही म्हटलं. पण देवळात आवाज घुमतो ना. सगळे "व्हय" म्हणायला तोंड उघडून होते ते तसेच राहिले. मी पदराची गाठ सोडायला लागले. सुटेना, आईनं घट्ट मारलेली. दातानं सोडवली, ह्या अर्ध्या दातानं. दादू गुरवापुढे हात केला आणि म्हटलं, "काका, पाणी द्या." त्यानं बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तांब्या उचलून माझ्या ओंजळीत पाणी घातलं. मी सगळ्यांसमोर गोळी गिळली. गोळी काही गिळल्या गिळल्या काम करत नाही, ती रोजच्या रोज घेतली तरच करते. पण वास हळूहळू गेला. मी खांबाला टेकून खाली बसले, पडले नाही.

स्वरूपनं विचारलं, "कसली गोळी?"

"फिटची."

"रोज?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी. घेतली की मी तुमच्यासारखीच. बंद केली की येते. मागच्या महिन्यात बंद केली होती, म्हणून दात असा आहे. डॉक्टर म्हणतात लग्न, मुलंबाळं सगळं होतं, त्यांना विचारून केलं तर. मला हे आधी सांगू दिलं नाही."

त्याची आई पुढे आली. ती वाईट बोलली नाही गं, तेच जास्त लागलं. "पोरीचा काय दोष नाय," असं म्हणाली, "पन काशीरामभाऊ, तुमी देवीच्या दारात आमाला बनवीत होतात." तिनं मांडलेली सुपारी उचलून पिशवीत टाकली. सगळे निघाले. स्वरूप माझ्यासमोर थोडा थांबला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाला आणि आईच्या मागून गेला. मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. नाही बघितलं.

देवळात आम्ही तिघं आणि दादू गुरव. बाबा हलले नाहीत. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. मला वाटलं, आता मारतील. ते मारतील तर बरं, असंही वाटलं.

मग दादू गुरव खाकरला. "काशीराम, गाऱ्हाना अर्धा ठेवता येत नाय. तोंड उगडलंय तर पुरा करायला होवा. काय सांगू?"

आई रडत होती, आवाज न करता. मी बाबांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बोला आता. तुम्ही देवीसमोर खोटं बोलत नाही ना? बोला.

बाबा बोलले तेव्हा त्यांचा आवाज ओळखू आला नाही. म्हणाले, "सांग, काशीरामाच्या लेकीला फिट येते. ती गोळी घेते. तिची गोळी कंदी चुकू देऊ नको... आनि बापाला ती चुकवायची बुद्धी परत देऊ नको."

दादू गुरवानं तसंच्या तसं सांगितलं. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं.

"आनि?" गुरवानं विचारलं.

"आनि माज्या दोनी लेकींना सुखी ठेव."

दादू गुरव थबकला. त्याला चार वर्षांची सवय. "दोनी?"

"दोनच हायत ना माज्या?" बाबा खेकसले. "का तू जास्त मोजल्यास?"

ताई, आईनं "व्हय म्हाराजा" असं म्हटलं ना, की देवळामागच्या बावीवरच्या बायका धावत बघायला आल्या. दादू गुरव माझ्याकडे बघत थांबून राहिला. म्हटल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नव्हतं. मग मीही म्हटलं.

आता तुला वाटेल सगळं छान झालं. काही छान झालेलं नाही. बाबा त्या दिवसापासून माझ्याशी बोललेले नाहीत. खळ्यात माणसं येत नाहीत, चहा होत नाही. मोबाईल त्यांच्याच खिशात आहे. न्हाणीच्या दाराबाहेर आई अजून पाटावर बसते. मोरपिशी साडी घडी घालून ट्रंकेत गेली. वाडीत बायका माझ्याकडे बघून बोलायच्या थांबतात, आणि नम्रताची आई तिला म्हणाली म्हणे, जरा जपून बस तिच्याजवळ, लागेल काही. फिट काय लागते होय? घर तेच आहे आणि मी त्याच पडवीत आहे.

एवढंच, की डबा आता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतो, उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. सकाळी बाबा पाण्याचा पेला भरून माझ्यासमोर आपटतात आणि मी गिळेपर्यंत उभे राहतात. तोंड वाकडंच असतं. पण उभे राहतात.

सोमवारी ते मला डॉक्टरांकडे नेतायत. आईकडून निरोप आला, "तिला सांग, पयल्या गाडीला जायचा हाय." दात दाखवायचाय, राहून गेलेलं सगळं सांगायचंय. काम झालं की ते नेहमीप्रमाणे माझा हात धरून स्टँडकडे वळतील. मी वळणार नाही. मी भाट्याच्या पुलाकडे चालायला लागेन, चप्पल घालून, दिवसाढवळ्या. ते हात सोडतील की माझ्यामागून येतील, मला ठाऊक नाही. ओरडतीलही भर रस्त्यात. पण मी हळू चालेन, त्यांचे गुडघे दुखतात.

तू दारात उभी राहू नकोस, त्यांना ते सोसणार नाही. आतच थांब. भात मात्र बाबांनाही धरून टाक.

निशू